हे पुस्तक कोणाचं?

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता, पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, जेमतेम चौदा वर्षांची. तिचं म्हणणं असं: वेद ब्राह्मणांचेच, आम्ही ते पाहायचेही नाहीत, मग आमचा धर्म कोणता? ग्रंथात काय लिहिलंय ते नंतर. तो आहे कोणाचा, हे तिने आधी विचारलं. आज शिक्षणाच्या क्षेत्रात जिला ‘चिकित्सक साक्षरता’ म्हणतात, म्हणजे मजकुरालाच प्रश्न विचारत वाचणं, ती याहून फार वेगळी नाही. नाव मात्र शंभरावर वर्षांनी, आणि बाहेरून आलं.

मधल्या काळात शाळा पाठांतराकडे झुकली. मुंबई इलाख्यात अनुदान परीक्षेच्या निकालावर मिळे. साहेब तपासणीला येणार, पोरं धडाधड म्हणून दाखवणार. ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ला त्या सवयीचा वास अजून येतो. उत्तर धड्यातच असतं, नाहीतर गाइडात.

ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या आंजिकोस गावी १९६३मध्ये तिथलेच शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी सुमारे ३०० प्रौढांना ४० तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. त्याला ते वर्ग म्हणत नसत, ‘संस्कृती मंडळ’ म्हणत. आधी चित्र, मग बोलणं, मग शब्द. ‘वीट’ हा शब्द घेतला, तर अक्षरं फोडण्याआधी विटा कोण रचतं, त्या घरात राहतं कोण, यावर गप्पा व्हायच्या. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरे तुरुंगात गेले. साक्षरतेच्या वर्गाची एवढी धास्ती कशाला? कारण तिथे निरक्षरांना मतच नव्हतं. वाचणारे वाढले की मतदार वाढणार होते.

हे झालं मोठ्यांचं. लहान मुलांच्या बाबतीत अमेरिकेत तत्त्वज्ञ मॅथ्यू लिपमन यांनी १९७०च्या दशकात गोष्ट वाचायची, गोल बसायचं आणि प्रश्न मुलांनीच काढायचे, अशी रीत रुजवली. १९९०मध्ये ऑस्ट्रेलियातले साक्षरतेचे अभ्यासक ॲलन ल्यूक आणि पीटर फ्रीबडी यांनी वाचकाच्या चार भूमिका मांडल्या: अक्षरं उलगडणारा, अर्थ लावणारा, मजकूर वापरणारा आणि मजकुराची झडती घेणारा. या चार काही पायऱ्या नव्हेत, हे महत्त्वाचं. झडती नववी-दहावीपर्यंत राखून ठेवायची नसते. ती ‘कमल नमन कर’च्या बरोबरीनेच चालते. कॅनडात व्हिव्हियन व्हास्केझ या शिक्षिकेच्या बालवर्गात शाळेच्या बार्बेक्यूचा विषय निघाला. एक मुलगा शाकाहारी, त्याला खायला काहीच नव्हतं. बाकीच्यांनी बोलून बोलून ठरवलं आणि शाळेला पत्र धाडलं. वयं तीन ते पाच!

आपल्याकडे २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने चिकित्सक शिक्षणाचा उल्लेख केला. २०१५नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाच्या रेट्यात ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान स्वतःच घडवतं, हा विचार) हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांत पोचला. फरश्या रंगल्या, मुलं गोलात बसली. गोलात बसणं सोपं असतं. गोलात बसून गुरुजींचंच ऐकणंही तितकंच सोपं.

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दिसले. बातम्या झाल्या, कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण चित्र नवं आलं तरी ते वाचायची रीत जुनीच राहू शकते. चार-पाच जणांच्या गटात ते मधोमध ठेवलं की ‘आमच्यात बाबा नाही निवडत’, ‘आई गावाला गेली की निवडतात’ असं सुरू होतं. तेवढ्यात बाईंनी ‘बाबांनी मदत करावी ना?’ विचारलं, तर अख्खा वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणून मोकळा. तेच ‘आधीच्या पुस्तकात बाबा काय करत होते?’ असं विचारलं, तर पोरं जुनं पुस्तक शोधायला कपाटाकडे पळतील.