नाव सारखे, वेग वेगळा
‘ग्राफिक्स कार्डाचे (खेळाची चित्रे पडद्यावर उमटवणाऱ्या भागाचे) नाव सारखे असेल, तर सर्वांत स्वस्त लॅपटॉप घ्यावा’ हा संगणकीय खेळ खेळणाऱ्यांना दिला जाणारा सल्ला यवतमाळपासून गोंदियापर्यंत अजूनही ऐकू येतो, पण तो दिशाभूल करणारा आहे. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०५० कार्डाला ३५ ते ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देण्याची मुभा निर्मात्याला असते आणि वीज कमी दिली की वेगही घटतो; म्हणून खोक्यावरील नावापेक्षा हा वॉटचा आकडा आधी विचारावा, जो दुकानदारालाही क्वचितच ठाऊक असतो. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की बारीक बांध्याचे यंत्र तापून आपणच वेग उतरवते. भारनियमनात बॅटरीवर खेळण्याची आशाही धरू नये, कारण तेव्हा कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही.

विमानाच्या सिम्युलेटरचे, म्हणजे विमान उडवण्याचा अनुभव देणाऱ्या खेळाचे, गणित निराळे आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ साठी किमान १६ जीबी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती) लागते, शिफारस ३२ जीबीची आहे. शिवाय भूभागाची माहिती इंटरनेटवरून सतत येत असल्याने मंद जोडणीपुढे महागडे कार्डही हतबल ठरते. व्हॅलोरंटसारखा नेमबाजीचा खेळ मात्र साध्या यंत्रावरही चालतो. दोन्ही हवे असणाऱ्याने रॅम वाढवता येईल असा, थोडा जाडच लॅपटॉप निवडावा.