गिफ्ट (शब्द)

गिफ्ट : जर्मानिक भाषाकुळातील एक शब्द. इंग्रजीत याचा अर्थ भेट, जर्मनमध्ये विष, आणि स्वीडिश, नॉर्वेजियन व डॅनिश या भाषांत विष तसेच ‘विवाहित’ असे दोन्ही. हे निव्वळ उच्चारसाम्य नाही. इंग्रजी ‘गिव्ह’ आणि जर्मन ‘गेबन’ या क्रियापदांचे जे मूळ, तेच या शब्दाचेही. मूळ अर्थ ‘देणे’ किंवा ‘दिलेली वस्तू’.

देण्यातून विष कसे निघाले, हे मराठी माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही. ‘त्याला जेवणातून काहीतरी दिलं’ एवढे म्हटले की ऐकणारा समजायचे ते समजतो. जर्मनमध्ये मात्र या अर्थामागे वैद्यकही आहे. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे देणे, आणि वैद्याच्या तोंडी औषधाची एका वेळची मात्रा. हा शब्द लॅटिनमध्ये गेला आणि तेथून जर्मनमध्ये येताना त्याचा शब्दशः अनुवाद ‘गिफ्ट’ असा झाला. विषाचे नाव उघड घेण्यापेक्षा ‘मात्रा’ म्हणणे सोयीचे, म्हणून तोच शब्द विषाला चिकटला असे मानतात. (‘डोसिस’ आणि संस्कृत ‘दा’ धातू एकाच मुळाचे. म्हणजे डॉक्टरांचा डोस आणि आपले दान हे लांबचे भाऊबंद.)

जुना अर्थ जर्मनमध्ये कित्येक शतके विषाशेजारी नांदत होता. आज तो ‘मिटगिफ्ट’ या शब्दात तेवढा उरला आहे. ‘मिट’ म्हणजे सोबत. मुलीसोबत दिलेले ते मिटगिफ्ट, अर्थात हुंडा. व्याकरणातही त्याची खूण आहे : हुंडा स्त्रीलिंगी, ‘डी मिटगिफ्ट’, विष नपुंसकलिंगी, ‘डास गिफ्ट’. औषधांच्या दुकानातले विषारी द्रव्यांचे कुलूपबंद कपाट म्हणजे ‘गिफ्टश्रांक’. ग्रंथालयात वाचकांच्या हाती सहजी न द्यायची पुस्तके जिथे ठेवत, त्यालाही हेच नाव पडले.

स्कँडिनेव्हियात विषाचा अर्थ मध्ययुगात उत्तर जर्मनीच्या बोलीतून आला. ‘विवाहित’ हा अर्थ मात्र तिथला स्वतःचा, आणि ‘मुलगी कुठे दिली?’ असे विचारणाऱ्या भाषेला तो मुळीच परका वाटू नये. आधी वधूपुरता असलेला शब्द पुढे नवऱ्यालाही लागू झाला, इतकेच. स्वीडिशमध्ये दोन्ही अर्थांचा उच्चार ‘यिफ्ट’ असाच होतो. ‘ओयिफ्ट’ म्हणजे अविवाहित, ‘ओयिफ्टिग’ म्हणजे बिनविषारी; त्यावरचे विनोद तिथे इतके झाले आहेत की आता कोणी हसत नाही.

इंग्रजीचीही एक गंमत आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द वधूमूल्यासाठी, आणि अनेकवचनात लग्नासाठी वापरत. त्याचा आरंभीचा उच्चार ‘य’सारखा होता. आजचा ‘ग’ आणि भेट हा अर्थ व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेच्या प्रभावाने रुळला. डचांनी शेवटच्या ‘ट’वर भागवले : ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी, ‘गिफ’ म्हणजे विष. विषप्रयोग करणे या अर्थाच्या ‘फरगिफ्टिगन’ या क्रियापदात मात्र तो ‘ट’ टिकून आहे.

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी 1924 मध्ये या शब्दावर एक छोटा निबंध लिहिला. प्राचीन जर्मानिक समाजात भेट म्हणजे बरेचदा एकत्र घेतलेले पेय. पेला हाती आला की तो स्नेहाचा की घाताचा, याची खात्री नसे, असा त्यांचा रोख होता. तर्क देखणा आहे, पण विषाच्या अर्थाचा उलगडा वैद्याच्या मात्रेने अधिक सरळ होतो.

आइसलँडिकमध्ये ‘गिफ्टुर’ म्हणजे विवाहित आणि ‘गिफ्टा’ म्हणजे सुदैव. विषाचा अर्थ तिथे रुजलाच नाही. विषाला तिथे आजही ‘एटुर’ हा जुना जर्मानिक शब्द आहे. जर्मनमध्ये तोच शब्द ‘आयटर’ या रूपात जखमेतल्या पुवासाठी वापरतात.