गाडी उचलायची, टायर मोठे करायचे: आरटीओची परवानगी कशाला लागते, कागद कोणते आणि अर्ज कधी करायचा

थार, जिम्नी, स्कॉर्पिओ किंवा हौसेने जपलेली जुनी जिप्सी दारात आली की पावसाळ्याच्या आधी दोन गोष्टी डोक्यात घोळायला लागतात. गाडी दोन इंच उचलायची आणि टायर मोठे टाकायचे. लिफ्ट किट, म्हणजे गाडी उचलायच्या सुट्या भागांचा संच, घरपोच मिळतं, हाताला सवय असेल तर घरच्या शेडमध्ये बसवताही येतं. पण किटचे पैसे भरण्याआधी मोटार वाहन अधिनियम १९८८ मधलं कलम ५२ एकदा नीट वाचा. कारण या कलमातला क्रम उलटा समजून काम करणारे फार आहेत, आणि क्रम चुकला की नंतर कागद जुळवता येत नाहीत.

कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा फेरफार मालकाने गाडीत करायचा नाही. फेरफार म्हणजे काय तेही तिथेच दिलंय: गाडीच्या रचनेत केलेला असा बदल, ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. पुढे ‘१४ दिवसांत कळवा’ अशी तरतूद येते आणि गोंधळ इथेच होतो. ‘आधी बसवून टाका, चौदा दिवसांत आरटीओला कळवलं की झालं,’ असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. हे १४ दिवस नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी आधी घेऊन केलेल्या बदलासाठी आहेत. मंजुरी मिळाली, काम केलं, की १४ दिवसांत आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नेऊन त्यात नोंद करून घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. विनामंजुरी बदल चौदा दिवसांत कळवला म्हणून कायदेशीर होत नाही.

याला जोडून ९ जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवायला हवा. केरळ उच्च न्यायालयाने फेरफारांना दिलेली मोकळीक या निकालाने रद्द केली. कंपनी गाडीचं प्रोटोटाइप, म्हणजे पहिली नमुना गाडी, चाचणी संस्थेकडून मंजूर करून घेते, आणि त्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल मालकाला करता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. आरटीओचा अधिकारी आज तुमच्या अर्जाकडे बघतो तो या निकालाच्या चौकटीतून.

कशाला अर्ज लागतच नाही

आधी सोपा भाग. झिजलेले शॉकअप, बसलेल्या स्प्रिंगा, तडकलेले पाटे, फाटलेले बुश हे सगळं मूळ मापाच्या सुट्या भागांनी बदलणं म्हणजे दुरुस्ती. ती घरी केली तरी परवानगी लागत नाही. बिलं मात्र जपून ठेवा.

टायरचंही तसंच, पण एका मर्यादेत. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत एक स्टिकर असतो, त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. त्याच मॉडेलसाठी कंपनीने एकाहून जास्त मापं मंजूर करून घेतली असतील, तर त्यातलं कुठलंही माप मूळ स्पेसिफिकेशनच्या आतच येतं. दुसऱ्या पिढीची थार घ्या. तिच्या एका व्हेरिएंटला २४५/७५ आर १६ आणि वरच्या व्हेरिएंटला २५५/६५ आर १८ टायर येतात. सोळा इंचीवरून अठरा इंची रिम आणि टायरवर जायचं तर हा रस्ता मोकळा आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून तसं पत्र घेऊन फाइलला लावलं तर पुढे विम्याच्या वेळी कामी येतं. जिम्नीचं मात्र वेगळं आहे. तिच्या दोन्ही व्हेरिएंटना १९५/८० आर १५ हे एकच माप आहे, म्हणजे बिनाअर्जाचा मोठा टायर जिम्नीवाल्यांना उपलब्ध नाही.

टायर घेताना नुसतं माप बघून भागत नाही. थारच्या टायरवर मापापुढे ‘१११ टी’ असं दिसतं. त्यातला १११ हा भारांक, म्हणजे एका टायरची क्षमता १०९० किलो, आणि ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरची वेगमर्यादा. नवीन टायरचे हे दोन्ही आकडे मूळच्यापेक्षा खाली येता कामा नयेत. बाजूला आयएसआय चिन्ह आहे का तेही पाहा. कुठूनतरी आलेले, दिसायला दणकट पण हे चिन्ह नसलेले चिखलाचे टायर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

मंजूर मापाच्या पलीकडे गेलं की

थारला २८५/७० आर १७ टाकायचे म्हटलं तर गणित असं होतं. मूळ अठरा इंची टायरचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर, नव्याचा ८३१. फरक ४२ मिलिमीटर, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे २१ मिलिमीटर. एवढ्यासाठी स्पीडोमीटर चुकायला लागतो. चाकाचा घेर सव्वापाच टक्क्यांनी वाढल्यामुळे मीटरच्या हिशेबाने शंभर होतात तेव्हा गाडी एकशेपाचने पळत असते. कंपनीचं मीटर मुळात वेग थोडा जास्त दाखवतं, ती सूट यात संपून जाते. समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा पाळतोय असं समजून चालवणाऱ्याला १२६ चं चलान आलं, तर तक्रार करायला जागा राहत नाही. ब्रेकवर जास्त जोर येतो, वळताना टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतो, आणि तो घासू नये म्हणून मग लिफ्ट किटचा विचार सुरू होतो.

लिफ्ट किटबद्दल आधीच स्पष्ट सांगतो: खासगी एसयूव्हीच्या बाजारातल्या लिफ्ट किटला आरटीओकडून होकार मिळण्याची शक्यता आज फार कमी आहे. त्याचं कारण अधिकाऱ्याची मर्जी नसून कागद आहे. सीएनजी किटशी तुलना केली की हे लक्षात येतं. सीएनजी किट ठरावीक मॉडेलसाठी चाचणी संस्थेने मंजूर केलेलं असतं, बसवणारं केंद्र अधिकृत असतं, म्हणून आरटीओ आरसीवर इंधनाची नोंद बदलून देतो. लिफ्ट किटच्या खोक्यात असा कागद नसतो. विक्रेता ‘आयएसओ सर्टिफाइड’ किंवा ‘रोड लीगल’ म्हणत असेल तर त्याला एकच प्रश्न विचारा: माझ्या मॉडेलसाठी भारतातल्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी आहे का? म्हणजे पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयसीएटी यांसारख्या संस्थेची. परदेशातलं प्रमाणपत्र इथे चालत नाही. जर्मनीत टीयूव्हीसारखी संस्था किट आणि त्याची बसवणी तपासते, आणि मग तो बदल गाडीच्या कागदावर चढवता येतो. किटच्या जाहिराती बऱ्याचदा तसल्या व्यवस्थेतून आलेल्या असतात.

मला मनापासून वाटतं की अशी व्यवस्था आपल्याकडेही हवी. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासूनची चाचणी संस्था आहे, देशातला मोठा वाहनउद्योग याच पट्ट्यात आहे. किट तपासा, उंचीची मर्यादा ठरवा, बसवणाऱ्याला परवाना द्या. मग सह्याद्रीतल्या खराब वाटांवर रोज जाणाऱ्या माणसाला लपूनछपून काम करावं लागणार नाही. तोवर मात्र आहे तोच कायदा पाळायचा.

तरीही अर्ज करायचा असेल तर

करावा, आणि किट विकत घेण्याआधी करावा. लेखी नकार आला तरी तुमचे पैसे वाचतात. गाडी तुमच्या नावावर असली पाहिजे आणि अर्ज तुम्ही राहता त्या हद्दीतल्या आरटीओकडे करायचा. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं लेखी ना-हरकत पत्र आधी मिळवा. ते नसेल तर बाकीच्या कागदांना हात लावण्यात अर्थ नाही.

कागदांत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड किंवा ते नसल्यास फॉर्म ६०, आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा हे नेहमीचे. हा ठसा घेताना चेसिसवरची धूळ, ग्रीस पुसून घ्या, पातळ कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी फिरवा. सगळी अक्षरं उमटली नाहीत तर परत पाठवतात. या कामासाठीचे खास कागद तीन: किटची किंवा टायरची तांत्रिक माहिती, चाचणी संस्थेची मंजुरी, आणि गाडीच्या कंपनीचं किंवा अधिकृत डीलरचं पत्र. अर्जाचं वजन या तीन कागदांवर ठरतं.

अर्ज परिवहन संकेतस्थळावर वाहनविषयक सेवांमधून करायचा. महाराष्ट्र निवडून गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरची शेवटची पाच अक्षरं टाकली की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. गाडी घेतली तेव्हा डीलरने स्वतःचाच किंवा भलताच नंबर टाकलेला असणं नवीन नाही. तसं असेल तर आधी मोबाइल नंबर दुरुस्त करून घ्या. सेवांच्या यादीतून फेरफाराची सेवा निवडा, शुल्क तिथेच दिसतं, ते भरा आणि पावती काढून घ्या. थकलेली ई-चलानं आधी मिटवा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी, नाहीतर काम तिथेच अडू शकतं.

त्यानंतर कागद कार्यालयात द्यायचे आणि बोलावलं की गाडी मोटार वाहन निरीक्षकापुढे न्यायची. गाडी मूळ अवस्थेत न्या. किट आधीच लावून नेली तर अर्जाच्या जागी कारवाई सुरू होईल.

नकार तोंडी मिळाला तर लेखी मागा. लेखी मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्जावर काय निर्णय झाला ते विचारा. माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. कलम ५२ खालच्या आदेशाविरुद्ध कलम ५७ नुसार अपील करता येतं, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. तोंडी नकारावर अपील होत नाही, म्हणून लेखी आदेशाचा आग्रह धरायचा. ‘सगळं मॅनेज करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला मूळ आरसी सोपवू नका. जी मंजुरी कायद्यात बसत नाही तिची नोंद त्याने करून आणली, तरी पुढच्या तपासणीत जबाबदार तुम्हीच.

मंजुरी मिळालीच, तर काम करून १४ दिवसांत कळवा, आरसीवर नोंद घ्या आणि त्याच आठवड्यात विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत बदल करून घ्या.

विनामंजुरी केलं तर

कलम १८२-अ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने मालकासाठी वेगळी तरतूद आली. नियमात न बसणाऱ्या प्रत्येक फेरफाराला ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लिफ्ट, टायर आणि पुढचा लोखंडी बुलबार हे तीन वेगळे फेरफार धरले जाऊ शकतात. बुलबारवर कारवाई करण्याच्या सूचना तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिलेल्या आहेत.

दंडापेक्षा मला विम्याची काळजी जास्त वाटते. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो. स्प्रिंगवर उंचीसाठी बसवलेला ठोकळा (स्पेसर) किंवा पाटा लटकवणारी लांब केलेली कडी (शॅकल) त्याला लगेच दिसते. न कळवलेल्या बदलामुळे तुमच्या गाडीचा दावा नाकारला जाऊ शकतो, आणि समोरच्याला द्यावी लागलेली भरपाई कंपनी तुमच्याकडून वसूल करू पाहील.

‘मी फक्त शेतात, गडाच्या पायथ्याला नेतो’ हा बचावही टिकत नाही. लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा कायद्याने सार्वजनिक ठिकाण ठरते, मग तो कच्चा रस्ता का असेना. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घालायलाच बंदी आहे, टायर कुठलेही असोत. स्पर्धेसाठी बांधलेली गाडी बंदिस्त ट्रॅकवर ट्रकवर घालून न्यायची असते, ती याचसाठी.

घरी काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, मूळ स्प्रिंगा बदलतानाही लागू पडणारी. दाबलेली कॉइल स्प्रिंग कॉम्प्रेसरमधून (स्प्रिंग दाबून धरायच्या अवजारातून) निसटली तर जीव घेऊ शकते. हलक्या प्रतीचा कॉम्प्रेसर वापरू नका आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, खाली स्टँड हवेतच. जिम्नीसारख्या सलग ॲक्सलच्या गाडीत उंची वाढवली की पॅनहार्ड रॉडचा, म्हणजे ॲक्सलला आडवं जागेवर धरणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो आणि अख्खा ॲक्सल एका बाजूला सरकतो. दोन्ही बाजूंना मडगार्डपासून टायरपर्यंत टेप लावून मोजलं की फरक दिसतो. त्याच वेळी कॅस्टरचा कोन (पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकायला लागतं. ब्रेकचे होज ताणले जातात, हेडलाइट वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत मारतात. चाचणी संस्थेची मंजुरी का मागतात, त्याचं कारण हेच.

आधीच उचललेली सेकंडहँड गाडी घेत असाल तर सौदा होण्याआधी विक्रेत्याकडून मूळ स्प्रिंगा, शॉकअप आणि मूळ मापाची चाकं मागून घ्या. नसतील तर त्यांची किंमत कापून घ्या. पंधरा वर्षं झाल्यावर फॉर्म २५ भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवताना ती गाडी निरीक्षकापुढे मूळ उंचीवरच उभी करावी लागणार आहे, आणि जुन्या मॉडेलच्या स्प्रिंगा त्या वेळी शोधून मिळतीलच असं नाही.