तोलोलिंगवरचे एमआय-१७ आणि क्षेपणास्त्राचा गारठलेला डोळा

२६ जुलै जवळ आला की कारगिलचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात आणि त्यांच्याबरोबर दोन समजही फिरतात. पहिला असा की एवढ्या बर्फात उष्णतेचा माग काढणारे क्षेपणास्त्र नीट चालत नाही, बर्फाने ते दिपून जाते. दुसरा असा की हे क्षेपणास्त्र आसपासच्या सर्वांत गरम वस्तूकडे धावते. दोन्ही समज चुकीचे आहेत. २८ मे १९९९ रोजी, कारगिल युद्धात, तोलोलिंग शिखराच्या परिसरात हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर का पडले, हे समजायला ते आधी दूर करावे लागतात.

हे हेलिकॉप्टर १५२ हेलिकॉप्टर युनिटचे होते. त्यातले चौघेही गेले: स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू. चौघांनाही मरणोत्तर वायुसेना पदक मिळाले.

एमआय-१७ हे मुळात लढाऊ हेलिकॉप्टर नाही. १९६१ साली पहिल्यांदा उडालेल्या एमआय-८ या रशियन मालवाहू हेलिकॉप्टरचा सांगाडा घेऊन त्यावर जास्त ताकदीची इंजिने बसवली, तेव्हा एमआय-१७ तयार झाले. दोघे इतके सारखे दिसतात की ओळखायची सोपी खूण शेपटीकडे आहे: शेपटीवरचा छोटा पंखा उजवीकडे असेल तर एमआय-८, डावीकडे असेल तर एमआय-१७. भारतात ते १९८०च्या दशकाच्या मध्याला आले आणि धान्य, रॉकेल, जवान, जखमी, पूरग्रस्त असे सगळे काही त्याने वाहिले. गरज पडली की दोन्ही अंगांना रॉकेटची नळकांडी लावून त्याला हल्ल्यावर पाठवता येते. कारगिलमध्ये तेच केले होते. तोलोलिंगच्या कड्यावर दबा धरून बसलेल्यांवर ५७ मिलिमीटरची रॉकेट मारायची होती.

इशारा आधीच मिळाला होता. २१ मे रोजी टेहळणीसाठी गेलेल्या कॅनबेरा विमानाच्या उजव्या इंजिनावर क्षेपणास्त्र आदळले होते आणि वैमानिकाने उरलेल्या एका इंजिनावर ते श्रीनगरला उतरवले होते. २७ मे रोजी एक मिग-२७ इंजिन बंद पडून कोसळले. त्याच्या वैमानिकाच्या शोधात घिरट्या घालणारे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडले. (ही दोन्ही जातींची विमाने आपल्या नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात बांधली जात.) म्हणजे खांद्यावरून सोडायची क्षेपणास्त्रे त्या शिखरांवर आहेत, हे २८ तारखेला उघड झालेले होते.

त्या उंचीवर हेलिकॉप्टरची काय अवस्था होते ते आधी थोडक्यात सांगतो. साडेचार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्केच उरते. पंख्याची पाती तितकीच हवा कापतात, पण तिच्यात वजन नसते, म्हणून उचल घटते. इंजिनालाही जाळायला कमी प्राणवायू मिळतो, म्हणून ताकदही घटते. एमआय-१७ची दोन इंजिने खाली प्रत्येकी सुमारे १,९०० अश्वशक्ती देतात, तिथे ती भाषाच बोलता येत नाही. रॉकेट लादलेले हेलिकॉप्टर अशा हवेत एका जागी तरंगू शकत नाही, झटकन वर चढू शकत नाही, तीव्र वळणही घेऊ शकत नाही. त्याला सरळ, ठरलेल्या दिशेने, ताशी दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरने जावे लागते. शिवाय शत्रू पायथ्याला नव्हता, शिखरावर होता. जमिनीवरून वर बघून मारा करणाऱ्याला उंचीची मर्यादा असते. कड्यावर बसलेल्यासाठी हेलिकॉप्टर नजरेच्या पातळीवर किंवा खालीच येते.

आता क्षेपणास्त्राच्या त्या डोळ्याकडे येतो. या लेखात सगळ्यात जास्त जागा मी त्यालाच देणार आहे, कारण एवढ्याशा नळीत इतके भौतिकशास्त्र कोंबलेले दुसरे यंत्र मला माहीत नाही.

भारतीय हवाई दलाच्या म्हणण्याप्रमाणे ते क्षेपणास्त्र अमेरिकी बनावटीचे स्टिंगर होते. नळीसकट वजन साधारण १५ किलो, क्षेपणास्त्राची लांबी दीड मीटर, जाडी फक्त ७० मिलिमीटर. त्याच्या नाकावर काचेसारखा घुमट असतो आणि घुमटामागे डोळा.

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार प्रारणे, म्हणजे प्रकाशासारखे किरण, सोडते. वीनचा नियम शाळेत बहुतेकांनी ऐकलेला असतो: २,८९८ला केल्विनमधल्या (सेल्सियसमध्ये २७३ मिळवून येणाऱ्या) तापमानाने भागा, म्हणजे ती वस्तू कोणत्या तरंगलांबीला सर्वांत जास्त चमकते ते मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मिळते. सूर्य ५,८०० केल्विनचा, म्हणून अर्धा मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश. इंजिनाच्या धुराड्याचा तापलेला धातू ७०० केल्विनच्या आसपास धरला, तर ४.१ मायक्रॉन. माणूस, दगड, झाड सुमारे ३०० केल्विनचे, म्हणजे ९.७ मायक्रॉन. बर्फ २७० केल्विनचा, म्हणजे पावणेअकरा मायक्रॉन.

स्टिंगरचा डोळा ४ मायक्रॉनच्या आसपास बघतो आणि इथेच पहिल्या समजाचा निकाल लागतो. आपल्याला डोळे दिपवणारा बर्फ त्या तरंगलांबीला जवळजवळ काळा असतो, कारण ४ मायक्रॉनची प्रारणे तो परावर्तित करण्याऐवजी गिळतो. त्याचे स्वतःचे प्रारण पुढे ११ मायक्रॉनच्या बाजूला असते, ४ मायक्रॉनला ते फारच थोडे. म्हणून क्षेपणास्त्राच्या नजरेने पाहिले तर बर्फाचा डोंगर हा अंधारा पडदा आणि हेलिकॉप्टरचे धुराडे हा त्यावरचा लखलखीत ठिपका. बर्फाने क्षेपणास्त्र आंधळे होत नाही, त्याला ठिपका वेगळा काढणे सोपे जाते. त्यात विरळ हवेची भर. हवेतला कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉनच्या आसपासची प्रारणे शोषतो. धुराड्यातून निघणाऱ्या गरम वायूतही तोच कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो त्याच पट्ट्यात चमकतो. पण गरम वायूचा पट्टा थंड हवेच्या शोषणपट्ट्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे त्याच्या कडांचे प्रारण निसटून पुढे जाते. उंचावर मधली हवाच कमी, म्हणून निसटणारा भाग वाढतो.

हे टिपायला इंडियम अँटिमोनाइड नावाच्या अर्धवाहकाचा कण वापरतात. ४ मायक्रॉनचा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, त्यावर पडला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि विद्युतसंकेत मिळतो. अडचण अशी की इतक्या कमी ऊर्जेत इलेक्ट्रॉन मोकळा होत असेल, तर साध्या खोलीच्या तापमानालाही असंख्य इलेक्ट्रॉन आपोआप सुटतात आणि खरा संकेत त्या गोंगाटात बुडतो. उपाय एकच, डोळा गारठवायचा. नळीच्या मुठीपाशी एक छोटा डबा खुपसतात. त्यात बॅटरी असते आणि प्रचंड दाबाखालचा आर्गॉन वायू. तो बारीक छिद्रातून सुटताना प्रसरण पावतो, थंड होतो आणि काही सेकंदांत त्या कणाला शून्याखाली पावणेदोनशे अंशांच्याही खाली नेतो. डबा साधारण ४५ सेकंद पुरतो. तेवढ्यात लक्ष्य सापडले नाही तर दुसरा डबा लावायचा. लक्ष्य सापडले की सोडणाऱ्याला कानाशी गुणगुण ऐकू येते. घोडा ओढला की छोटी मोटर क्षेपणास्त्राला नळीबाहेर ढकलते आणि ते आठ-नऊ मीटर दूर गेल्यावर मुख्य मोटर पेटते, नाहीतर सोडणाराच भाजेल.

प्रारणे टिपली, पण ठिपका डावीकडे आहे की उजवीकडे, हे कसे कळणार? डोळ्यात कण एकच, तो चित्र काढत नाही. पहिल्या पिढ्यांतली युक्ती मला फार आवडते. कणासमोर एक फिरती चकती बसवायची. तिच्या अर्ध्या भागावर काळे आणि पारदर्शक पट्टे आलटून पालटून आखायचे, उरलेला अर्धा भाग अर्धपारदर्शक ठेवायचा. दूरचे धुराडे म्हणजे बिंदू. तो पट्ट्यांवर आला की प्रकाश तुटक होतो, स्पंदने सुरू होतात, आणि अर्धपारदर्शक भागावर आला की स्पंदने थांबतात. चकतीच्या फेरीत स्पंदने कुठे सुरू झाली, यावरून बिंदूची दिशा कळते. ढग किंवा डोंगराची कड एकाच वेळी अनेक पट्टे व्यापते, त्यामुळे तिची स्पंदने होतच नाहीत. सारे गणित चकतीवरच्या शाईत उरकते, संगणक लागत नाही.

सूर्याचेही इथेच सांगून टाकतो. सूर्य ४ मायक्रॉनलाही कोणत्याही धुराड्यापेक्षा कितीतरी तेजस्वी असतो आणि सुरुवातीची क्षेपणास्त्रे खरोखर सूर्याकडे निघून जात. पण या डोळ्याला आकाशाचा जेमतेम एक-दोन अंशांचा तुकडाच दिसतो. नेम माणूस धरतो, क्षेपणास्त्र त्या तुकड्यातच बघते. म्हणून ‘सर्वांत गरम वस्तूकडे धावते’ हे वाक्य सोडून द्यावे. ते नजरेत धरलेल्या बिंदूकडे जाते.

जाते तेही सिनेमातल्यासारखे मागेमागे वळणे घेत नाही. दोन रस्त्यांवरून एकाच चौकाकडे येणाऱ्या गाड्यांपैकी समोरची गाडी आपल्या खिडकीच्या त्याच जागी दिसत राहिली आणि नुसती मोठी होत गेली, तर टक्कर ठरलेली. क्षेपणास्त्र हेच साधते. लक्ष्याची दिशा बदलली की छोटे पंख हलवून ते ती पुन्हा स्थिर करते, म्हणजे लक्ष्य पुढे जिथे पोचणार तिथे ते आधीच निघालेले असते. स्टिंगर सेकंदाला सहा-सातशे मीटरपर्यंत वेग घेतो. दोन किलोमीटर अंतर चारेक सेकंदांत संपते आणि तेवढ्या वेळात एमआय-१७ अडीचशे मीटरच सरकते.

उपाय माहीत नव्हता का? माहीत होता. २५ सप्टेंबर १९८६ रोजी अफगाणिस्तानात जलालाबादजवळ स्टिंगरने सोव्हिएत एमआय-२४ हेलिकॉप्टरे पाडली, तेव्हापासून सगळ्या जगाला माहीत होता. सोव्हिएत हेलिकॉप्टरांवर तीन गोष्टी दिसत: धुराड्यात थंड हवा मिसळणाऱ्या पेट्या, पंख्याच्या दांड्यामागे उघडझाप करत चकतीच्या स्पंदनांत खोटी स्पंदने मिसळणारा तापलेला दिवा, आणि फ्लेअर. फ्लेअर म्हणजे मॅग्नेशियम आणि टेफ्लॉनची जळती कांडी. ती २,००० केल्विनच्या वर जळते आणि डोळ्याला दिसणाऱ्या त्या छोट्या तुकड्यात धुराड्यापेक्षा खूप तेजस्वी दिसते. चकतीला दोन बिंदू वेगळे कळत नाहीत, तेजानुसार मधला कुठलातरी बिंदू ती धरते, म्हणजे नजर फ्लेअरकडे ओढली जाते आणि फ्लेअरबरोबर खाली घसरते.

तोलोलिंगवर पडलेल्या एमआय-१७वर फ्लेअर सोडणारे यंत्र नव्हते. दरीत घुसताना क्षेपणास्त्र कुठून सुटले हे आतल्यांना बघून कळणे जवळजवळ अशक्य, म्हणून फ्लेअर हल्ल्याच्या फेरीत आधीपासूनच टाकत जायचे असतात. फ्लेअर असते तर ते वाचले असतेच असे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. स्टिंगरच्या पुढच्या आवृत्तीत दुसरा डोळा आला, तो अतिनील प्रकाश बघतो. आकाशाच्या अतिनील उजेडात विमान काळा डाग दिसते, फ्लेअर मात्र तिथेही चमकते, आणि फसवणूक उघडी पडते. पण संधी वाढली असती, पुष्कळ वाढली असती. तेरा वर्षे जुना धडा माहीत असताना चार माणसे फ्लेअरशिवाय पाठवावी लागली, याचे दुःख मला आजही वाटते.

८ ऑक्टोबर २०१९ रोजी, दसऱ्याला, फ्रान्समध्ये पहिले राफेल ताब्यात घेताना चाकांखाली लिंबे ठेवली, त्यावर बरीच चर्चा झाली. पूजा करणाऱ्याच्या भावनेशी माझे भांडण नाही. पण विमान वाचते ते त्याच्या पोटातल्या फ्लेअरमुळे आणि इशारा देणाऱ्या यंत्रामुळे, आणि आपण प्रश्न विचारायचे ते त्यांच्याबद्दल. ‘आमच्या क्षेपणास्त्राला काहीच चुकवू शकत नाही’ अशा जाहिरातींनाही हेच लागू आहे.

त्या दिवसानंतर सशस्त्र एमआय-१७ हल्ल्यातून मागे घेतली गेली आणि जखमी व सामान वाहण्याच्या त्यांच्या नेहमीच्या कामाला लागली. विमानांनी खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याबाहेर, खूप उंचावरून मारा सुरू केला. मिराज-२००० विमाने लेझरच्या खुणेवर जाणारे बाँब घेऊन आली. तोलोलिंग १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने पायी चढून जिंकले.

२००८ पासून भारताने एमआय-१७व्ही५ मागवायला सुरुवात केली, एकूण १५१. त्यांची इंजिने जास्त ताकदीची, धुराड्यांवर थंड करणाऱ्या पेट्या आणि अंगावर फ्लेअर. दरम्यान क्षेपणास्त्रही बदलले. आता डोळ्यात एका कणाऐवजी कणांची जाळी असते, ती चित्र काढते आणि चित्रात फ्लेअर हेलिकॉप्टरसारखे दिसत नाही. त्यावर तोड म्हणून हेलिकॉप्टरवरून थेट क्षेपणास्त्राच्या डोळ्यावर लेझर रोखणारी यंत्रे निघाली आहेत. पण त्यांनाही आधी कळावे लागते की क्षेपणास्त्र सुटले. ते कळते अतिनील प्रकाशाच्या ०.२८ मायक्रॉनखालच्या पट्ट्यात. वातावरणातला ओझोन सूर्याचा तो भाग वरच गिळतो, त्यामुळे या पट्ट्यात भर दुपारी जमिनीलगत काळोख असतो आणि पेटलेली मोटर तिथे लगेच उठून दिसते. चार सेकंदांपैकी पहिल्यातच इशारा मिळाला, तर उरलेल्या तिनांत यंत्र स्वतःच फ्लेअर सोडते, वैमानिकाने बटण दाबायची वाट बघत नाही.