‘इम्प्रूव्ह’ या क्रियापदाची पार्श्वभूमी

‘इम्प्रूव्ह’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आज कोणीही ‘सुधारणे’ असाच सांगेल आणि तो चूकही नाही. परंतु हा शब्द इंग्रजीत रुळला तेव्हा त्याचा संबंध गुणवत्तेशी नव्हे, तर उत्पन्नाशी होता. अकराव्या शतकात फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातील नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिथल्या न्यायालयांत आणि जमीनदारांच्या दप्तरांत जी फ्रेंच चालत असे, तिच्यात ‘प्रू’ म्हणजे लाभ, आणि त्यावरून बनलेल्या क्रियापदाचा अर्थ होता एखाद्या गोष्टीपासून नफा काढणे. ‘सिद्ध करणे’ या अर्थाच्या ‘प्रूव्ह’चे मूळ वेगळे आहे, केवळ त्याच्या प्रभावाने या शब्दाचे लेखन बदलत गेले आणि दोन्ही शब्द एकाच घरातले वाटू लागले.

हा नफा प्रामुख्याने जमिनीचा होता. तेराव्या शतकातील मर्टनच्या कायद्याने जमीनदारांना गावच्या सामाईक पडीक जमिनीला कुंपण घालून ती आपल्या लागवडीखाली आणण्याची मुभा दिली. अट इतकीच की कुळांच्या जनावरांना पुरेसे चराऊ रान शिल्लक राहिले पाहिजे. या कृतीसाठी कायद्याच्या भाषेत ‘अप्रूव्ह’ हा शब्द वापरला जाई आणि तो याच नफ्याच्या मुळातून आलेला होता. संमती देण्याच्या अर्थाचा ‘अप्रूव्ह’ निराळा. सोळाव्या शतकापासून जमीन ‘इम्प्रूव्ह’ करणे म्हणजे कुंपण घालणे, दलदलीतले पाणी काढणे, खत घालणे आणि त्यातून पीक व खंड (कुळांकडून मिळणारे जमिनीचे भाडे) दोन्ही वाढवणे, असा अर्थ स्थिरावला.

नफ्याकडून चांगलेपणाकडे झालेला प्रवास सतराव्या शतकात स्पष्ट दिसतो. वॉल्टर ब्लिथ याने १६४९ मध्ये शेतीवर ‘द इंग्लिश इम्प्रूव्हर’ हा ग्रंथ काढला आणि १६५२ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती ‘द इंग्लिश इम्प्रूव्हर इम्प्रूव्ह्ड’ या नावाने आणली. या शीर्षकातला पहिला शब्द जमिनीचा कस वाढवणाऱ्या माणसाचा आहे, दुसरा पुस्तकात केलेल्या सुधारणेचा. दोन्ही अर्थ तेव्हा शेजारी शेजारी नांदत होते, याचा याहून नेमका पुरावा शोधूनही सापडणार नाही. पुढे इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने मालमत्तेच्या हक्काची मांडणी करताना, माणूस जेवढी जमीन नांगरतो, ‘इम्प्रूव्ह’ करतो आणि जिचे उत्पन्न उपभोगू शकतो तेवढी त्याची, असे म्हटले, तेव्हा या शेतकी शब्दाला नैतिक वजनही मिळाले. ते वजन सर्वांच्या हिताचे ठरले असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडच्या सदरलँड भागात मेंढपाळीसाठी हजारो कुळांना घरांतून हुसकावले गेले, तेही याच क्रियापदाच्या नावाखाली. लाभ कोणाचा, हा प्रश्न शब्दाच्या जुन्या अर्थात उघड होता. नव्या अर्थात तो झाकला गेला.

जमिनीप्रमाणेच वेळ आणि संधी यांचाही नफा काढता येतो, या कल्पनेतून ‘वेळ इम्प्रूव्ह करणे’, म्हणजे वेळ सत्कारणी लावणे, हा प्रयोग रूढ झाला. इंग्लिश कवी आयझॅक वॉट्सच्या १७१५ च्या बालकवितेतील कष्टाळू मधमाशी प्रत्येक उजळ तास याच अर्थाने ‘इम्प्रूव्ह’ करते. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात तर या शब्दाचा अर्थ नुसता ‘वापरणे’ इथवर पोहोचला होता. अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने डिसेंबर १७८९ मध्ये कोशकार नोआ वेब्स्टरला लिहिलेल्या पत्रात त्याबद्दल तक्रार केली आहे: अमुक गृहस्थ तीस वर्षांहून अधिक काळ न्यायदंडाधिकारी म्हणून ‘इम्प्रूव्ह’ केले गेले, असे मृत्युवृत्तात छापून येते, हे त्याला खटकले. हा वापर नवाच फोफावल्याचे त्याला वाटत होते. वस्तुतः ‘उपयोगात आणून लाभ घेणे’ हा जुना अर्थच तिथे टिकून राहिला होता.

याच रूपाचा आणखी एक शब्द इंग्रजीत होता, हे आता कोणाच्या लक्षातही नसते. लॅटिनमधील ‘अमान्य करणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेल्या त्या शब्दाचा अर्थ ‘खोडून काढणे, दोष दाखवणे’ असा होता. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या एका इंग्रजी भाषांतरात, संत पौलाने आपला शिष्य तिमथ्य याला ‘इम्प्रूव्ह’ करण्याचा जो उपदेश केला आहे, तो दोष पदरात घालण्याचा. १६११ च्या बायबलच्या अधिकृत इंग्रजी भाषांतरात तिथे ‘रिप्रूव्ह’ आले.

आजच्या वापरात हे क्रियापद सकर्मक आणि अकर्मक असे दोन्ही चालते: लेखक मसुदा इम्प्रूव्ह करतो आणि रुग्णाची प्रकृतीही इम्प्रूव्ह होते. त्याला ‘ऑन’ जोडले की अर्थ आधीच्या कामगिरीपेक्षा सरस काही करणे असा होतो. ‘अमेंड’ किंवा ‘करेक्ट’ म्हणताना मुळात काही दोष होता असे गृहीत धरलेले असते, तसे इथे लागत नाही; उत्तम गोष्टही इम्प्रूव्ह करता येते. मूळ अर्थ सर्वाधिक शाबूत राहिला आहे तो अमेरिकेतील मालमत्तेच्या कायद्यात. तिथे जमिनीवरील इमारत, कुंपण किंवा रस्ता यांना ‘इम्प्रूव्हमेंट’ म्हणतात आणि कर आकारताना त्यांचे मूल्य जमिनीपासून सहसा वेगळे दाखवतात, मग ती इमारत दिसायला कितीही ओबडधोबड असो.