हरकती व सूचना : विकास आराखड्यात नागरिकाची जागा

शहराच्या जमिनीचा वापर ठरवताना नागरिकांचा सल्ला घेण्याची महाराष्ट्रातील आजची पद्धत मुख्यतः १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातून आली आहे. त्याआधी, मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्याखाली, जमीनमालकाचे म्हणणे ऐकले जाई ते बहुतांशी त्याच्या भूखंडापुरते. नव्या अधिनियमानुसार विकास आराखड्याचे, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या योजनेचे, प्रारूप (मसुदा) प्रसिद्ध झाल्यावर कोणालाही लेखी म्हणणे मांडता येते. ज्याच्या नावावर इंचभर जमीन नाही, पण ज्याची मुले आरक्षित मैदानावर खेळतात, त्यालाही.

या तरतुदीतला ‘हरकती व सूचना’ हा जोडशब्द मात्र नीट तपासायला हवा. महापालिका राजपत्रात प्रसिद्ध करते ती सूचना, आणि नागरिक अर्जातून करतो तीही सूचनाच. पहिलीने मुदत सुरू होते आणि मालकांचे हक्क पणाला लागतात. दुसरीचे ऐकून घेण्याचे बंधन आहे, ती मानण्याचे नाही. हरकतीमागे सहसा कोणाची तरी मिळकत असते, त्यामुळे सर्व्हे क्रमांक आणि नकाशा जोडून ती ठामपणे मांडता येते. ‘आमच्या वस्तीत दवाखान्यासाठी जागा ठेवा’ असे सुचवणाऱ्याकडे जोडायला असा कागद नसतो. सार्वजनिक हिताचे म्हणणे या जोडशब्दात दुसऱ्या क्रमांकावर आले आणि व्यवहारातही तिथेच राहिले, असे माझे मत आहे.

हे म्हणणे ऐकणारी नियोजन समिती कशी असावी, हे अधिनियमाच्या कलम २८ मध्ये सांगितले आहे : महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगरनियोजन किंवा पर्यावरण यांचे विशेष ज्ञान वा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या, शासनाच्या बाजूने नेमलेल्या, जास्तीत जास्त चार व्यक्ती. सल्लागार मंडळाच्या सर्वांत जवळ जाणारी कायदेशीर रचना हीच. तिच्यात निवडून आलेल्यांना जागा आहे, जाणकारांना आहे. रहिवाशांच्या प्रतिनिधीला त्या नात्याने एकही नाही. ‘प्रत्यक्ष अनुभव’ या शब्दांत तीस वर्षे एकाच वस्तीचे पाणी, रस्ते आणि नाले पाहिलेला माणूस का बसू नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. शिवाय समिती अहवाल देते, बदल नियोजन प्राधिकरण (शहरात सहसा महापालिकाच) करते आणि अंतिम मंजुरी शासनाची असते, म्हणजे सल्ल्यावर पुन्हा सल्ला अशी ही उतरंड आहे.

या रचनेची खरी परीक्षा मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्यात झाली. कायद्यात विद्यमान भूवापराच्या नकाशावर हरकती मागवण्याची तरतूद नाही. तरीही मुंबईत ते नकाशे आधीच खुले झाले आणि रहिवाशांनी आपापल्या विभागाचे नकाशे छापून घेऊन, गल्लीगल्लीत फिरून, कुठे शाळा सुटली आहे, कुठे उद्यान चुकीच्या रंगात आहे, हे टिपून दिले. एवढे होऊनही फेब्रुवारी २०१५ च्या प्रारूपात उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले आढळले. ६० दिवसांच्या मुदतीत हरकतींचा इतका पाऊस पडला की एप्रिलमध्ये शासनाने तो आराखडा फेरतयारीसाठी परत पाठवला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले, त्यावर सुनावण्या झाल्या आणि २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, तीही काही भाग वगळून. त्या भागांसाठी हरकती पुन्हा मागवल्या गेल्या.

दरम्यान १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन आणि जमीनवापराचे नियमन नागरी संस्थांच्या विषयसूचीत घातले आणि तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. राज्याने त्यांत स्वयंसेवी संस्थांच्या सदस्यांना मोजक्या जागा दिल्या आणि २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली, जिच्यात त्या भागातील प्रत्येक मतदार सदस्य असतो. प्रारूप छापले जाण्यापूर्वी नकाशा भिंतीवर लावून त्यावर बोलता येईल अशी जागा हीच होती. ती तरतूद मुख्यतः कागदावर राहिली, आणि नागरिकाचे म्हणणे आजही रेषा आखून झाल्यानंतर, आवक क्रमांक पडलेल्या अर्जातूनच पोहोचते.