भाड्याची खोली (तालुक्याचे गाव)

तालुक्याच्या गावी शिक्षण, नोकरी किंवा हंगामी कामासाठी आलेल्यांना महिन्याच्या भाड्याने मिळणारी राहण्याची जागा. महाराष्ट्राच्या लहान शहरांत स्वस्त घराची गरज बहुतांशी या खोल्याच भागवतात. त्या ना बिल्डरने बांधलेल्या असतात, ना सरकारने. 2011च्या जनगणनेत देशातल्या शहरी कुटुंबांपैकी 27 टक्क्यांहून अधिक कुटुंबे भाड्याने राहत होती, ग्रामीण भागात साडेतीन टक्केही नव्हती. उदगीर, कराड, संगमनेर, खामगाव अशी गावे या दोन आकड्यांच्या मधली. नगरपरिषद, कॉलेज, एस.टी. स्टँड सगळे असते, पण खोलीचा व्यवहार तोंडी चालतो.

घरमालक शेतकरी, निवृत्त शिक्षक किंवा दुकानदार असतो. राहत्या घरामागे पत्र्याच्या दोन-चार खोल्या काढायच्या, जमले तर स्लॅब टाकून वरचा मजला चढवायचा. संडास-बाथरूम सामाइक, पाणी दिवसाआड, विजेला सबमीटर. युनिटचा दर मालक सांगेल तो. डिपॉझिट शक्यतो एक-दोन महिन्यांचे. विद्यार्थी असतील तर खोलीऐवजी माणशी भाडे घेतात, म्हणजे तीन पोरांच्या खोलीचे उत्पन्न एका कुटुंबाच्या भाड्यापेक्षा जास्त. जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की दर चढतात. दलाल सहसा नसतो. खोली रिकामी झाल्याची खबर किराणा दुकानातून किंवा मेसवाल्या मावशींकडून कळते.

राज्यात भाड्याचा कायदा एक व्हायला चाळीस वर्षे लागली. मुंबई राज्यातून आलेल्या कराड-संगमनेरला 1947चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा, वऱ्हाडातल्या खामगावला मध्य प्रांत व वऱ्हाडचा 1949चा आदेश आणि मराठवाड्यातल्या उदगीरला हैदराबादचा 1954चा कायदा अशी तीन राज्यांची वारसदारी होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला आणि तिन्ही गेले. तो राज्यात सरसकट लागू नाही, परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरताच आहे; बाकी ठिकाणी 1882च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमावर भागवावे लागते. अधिनियमाने भाडेकरूच्या भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली. तरी नव्या खोल्यांना ही मर्यादा क्वचितच लागते, कारण आता भाडेपट्टा कोणी करतच नाही. जो काही करार होतो तो अकरा महिन्यांचा, ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची नुसती परवानगी. मुदत संपली की राहणाऱ्याचा हक्क संपतो. खोली सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई.

याच अधिनियमाच्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे लहान खोलीला किरकोळ. कागद टाळण्याचे कारण खर्च नव्हेच. नगरपरिषदेच्या घरपट्टीत भाड्याची नोंद नको, आयकराची कटकट नको, आणि ‘कागद केला की माणूस हलत नाही’ ही जुन्या भाडे कायद्यांच्या काळातली धास्ती अजून गेलेली नाही.

भाडे साहाय्य मात्र सगळे कागदावर उभे आहे. त्यातले सर्वांत ठळक म्हणजे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती 2016-17 पासून आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना या तिच्या बहिणी. मोठ्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत 51,000, जिल्ह्याच्या इतर ठिकाणी 43,000 असे स्वाधारचे मूळ दर. पुढे तालुक्याच्या ठिकाणांसाठी 38,000चा आणखी एक टप्पा आला. त्यातला निवासाचा वाटा 10,000, म्हणजे महिन्याला साडेआठशेही नाही. या पैशात एकट्याला खोली परवडत नाही, तिघांत एक परवडते. अर्जासोबत खोलीच्या भाड्याचा पुरावा लागतो, आणि तो देण्याची मालकाची तयारी नसते. मग शंभर विनवण्या होतात, कोणी तरी ओळखीचा घरमालक सहीला उभा राहतो. हप्ता उशिरा येतो ही दुसरी कायमची तक्रार; भाडे दर महिन्याला द्यायचे आणि पैसे वर्ष सरत आल्यावर हातात पडायचे.

नोकरदारांचे साहाय्य म्हणजे घरभाडे भत्ता. सातव्या वेतन आयोगानंतर लहान गावांसाठी मूळ वेतनाच्या 8 टक्के, किमान 1,800 रुपये असा दर ठरला. महागाई भत्त्याबरोबर तो पुढे वाढत गेला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्याची अट आहे, आणि 2019च्या शासन निर्णयाने त्याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव मागितला. प्रत्यक्षात अनेकांचा पत्ता खेड्यातला आणि बिऱ्हाड तालुक्याला, मुलांच्या शाळेजवळ. दोन खोल्या-किचनचे भाडे या पगारदारांच्या मागणीवर ठरते. त्याच गल्लीतल्या हमालाला किंवा दुकानातल्या नोकराला भत्ता नाही, भाडे मात्र त्याच चढत्या दराचे.

2020च्या टाळेबंदीनंतर केंद्राने शहरी स्थलांतरितांसाठी परवडणारी भाडे गृहसंकुले योजना आणली. तिची एक वाट म्हणजे आधीच्या योजनांतली रिकामी घरे भाड्याने देणे. तालुक्याच्या गावी अशी घरे सहसा नसतातच, त्यामुळे तिथे तिची चर्चा वर्तमानपत्रापुरती राहिली.

भाड्याखेरीज एक अडथळा आहे, त्यावर भत्ता नाही. ‘फॅमिलीलाच देणे आहे’, ‘शाकाहारी असाल तर या’ अशा पाट्या, आणि पाटी नसेल तिथे दारातच विचारलेले आडनाव व गाव. मुस्लिम व दलित विद्यार्थ्यांना, एकट्या बाईला खोली याच प्रश्नांवर नाकारली जाते; स्वाधारचा लाभार्थी पैसे असूनही इथे अडतो. म्हणून वसतिगृहाची मागणी कमी होत नाही. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंगे काढली तेव्हाही बाहेरगावच्या मुलाला गावात जागा मिळत नव्हती. अलीकडे इतर मागास वर्गासाठी जिल्ह्यागणिक मुलांचे एक व मुलींचे एक अशी 72 वसतिगृहे ठरली, ती भाड्याच्या इमारतींत. तिथे भाडे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दाखल्याने ठरते आणि करार लेखी होतो.